एक इंच खाली, एक सूत मागे

गाडी सुंदर आहे, हे मला भेटेल तो माणूस सांगतो. पेट्रोल भरताना सांगतात, सिग्नलला काच खाली करून सांगतात, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये हातातली ट्रॉली तशीच सोडून येऊन सांगतात. ती वळते कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की स्टिअरिंग फिरवल्यावर आधी गाडीचं अंग बाहेरच्या बाजूला कलतं, मग पुढचे टायर कुरकुरतात आणि त्यानंतर सावकाश, नाराजीने, नाक वळतं.

१९६६ ची फोर्ड मस्टँग. दोन दारांची हार्डटॉप, २८९ घनइंचांचं व्ही-एट इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, टाहो टर्क्वाइज नावाचा हिरवट निळा रंग. तिच्या नंबराची सुरुवात ‘६एफ०७सी’ अशी होते. सहा म्हणजे सासष्ट साल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे हे इंजिन. ज्या रूझ नदीकाठच्या कारखान्यात ती जोडली गेली तो आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. म्हणजे साठ वर्षांत गाडीने फार काही देशाटन केलेलं नाही.

इथे मिशिगनमध्ये मराठी माणूस गाडीच्या धंद्यात असणं ही काही बातमी नाही. मंडळाच्या गणपतीला मांडवात दगड फेकला तर तो चासीवाल्याला नाहीतर इंजिनवाल्याला लागेल. मी एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि माझ्या खात्याचं नाव ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’ असं भारदस्त आहे. काम मात्र साधं. या ब्रॅकेटला तीन बोल्ट आहेत, दोनात भागेल का? ही पट्टी दोन मिलिमीटरची आहे, पावणेदोनची चालेल का? एका गाडीमागे पाच-सात सेंट सुटले तरी लाखो गाड्यांच्या हिशेबात तो मोठा आकडा होतो आणि वर्षअखेरीला त्या आकड्याखाली माझं नाव असतं. हे सांगायचं कारण असं की मस्टँगच्या खाली पहिल्यांदा आडवा झालो तेव्हा मला तिथे आमच्याच जमातीच्या लोकांचं हस्ताक्षर दिसलं.

मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आली तेव्हा तिची किंमत होती २,३६८ डॉलर. तरुण पोरापोरींना परवडेल अशी, पण दिसायला महागाची, हा सगळा डाव. तो साधायचा तर अंगावरचे कपडे नवे आणि आतला सांगाडा जुना, हाच मार्ग होता. सांगाडा आला फाल्कन या फोर्डच्या साध्या, काटकसरी, संसारी गाडीचा. लोकांनी झुंबड केली. एकट्या १९६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. एवढ्या गाड्यांवर एकेक सेंट वाचवणारा माणूस त्या काळात काय खूश असेल, याची कल्पना मला चांगली आहे.

आता थोडं पुढच्या सस्पेन्शनबद्दल, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आर्म धरून ठेवतात, वरचा आखूड आणि खालचा लांब. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. फाल्कन-मस्टँगमध्ये ती वरच्या आर्मवर उभी आहे आणि तिचं डोकं इंजिनच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या पत्र्याच्या बुरुजांत टेकतं. या बुरुजांना ‘शॉक टॉवर’ म्हणतात. गाडीच्या पुढच्या टोकाचा बराचसा भार असा दोन पत्र्याच्या बुरुजांवर. वर्षानुवर्षं खड्डे खाऊन हे बुरूज एकमेकांकडे झुकतात. मिशिगनच्या रस्त्यांचं काय सांगू? हिवाळ्यात भेगांत पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, परत गोठतं, आणि मार्चपर्यंत रस्त्यात एवढे खड्डे पडतात की पावसाळ्यानंतरचा मुंबई-गोवा हायवे आठवून उगाच घरी आल्यासारखं वाटतं. वर रस्त्यावर मीठ टाकतात ते निराळंच. डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची खाण आहे, त्यामुळे त्याची कमतरता नाही.

खरेदीनंतर पहिला त्रास झाला आवाजाचा. मस्टँगवाल्यांमध्ये हा आवाज प्रसिद्ध आहे. वरच्या आर्मच्या बुशमधलं, म्हणजे आर्म ज्या खोबणीत फिरतो तिथलं, ग्रीस सुकलं की जरा कुठे गतिरोधक आला की पुढून जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाचा कर्र आवाज येतो. ग्रीसचं निपल लावायची जागा आहे, पण बुरुजाच्या आत, अशी की ग्रीसगनचं सरळ तोंड तिथे पोचतच नाही. शेजारची लहान मुलं आवाज ऐकून आम्ही आलो हे ओळखायची. बायको म्हणाली, “एवढे पैसे घातलेस, निदान तेल तरी घाल.”

त्याच उन्हाळ्यात बाबा आले होते. बाबा सांगलीच्या एसटी डेपोत वर्कशॉपला होते, रिटायर होईस्तोवर. अमेरिकेत आल्यावर आईबापांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला आठवडा नायगारा, दुसरा आठवडा शिकागो, आणि मग चार महिने खिडकीतून दिसणारं गवत. बाबांना गॅरेज सापडलं आणि माझी काळजी मिटली. ते आधी नुसतेच गाडीभोवती फिरले, मग मागे जाऊन डिकीवर दोन्ही हात ठेवून दाबलं, सोडलं, आणि गाडी किती वेळा खालीवर होते ते पाहिलं.

“शॉकअप गेलेत,” ते म्हणाले. मग वाकून खाली बघून, “आणि पाटे बसलेत की रे.”

मागच्या बाजूला मस्टँगला पाटेच आहेत, ट्रकला आणि लाल डब्याला असतात तसे. फक्त बारीक, चारच. कॅलिफोर्नियातल्या दिमाखाची जाहिरात करणारी ही गाडी मागून एसटीची लांबची बहीण निघाली, याचा बाबांना मनापासून आनंद झाला. त्यांनी नोकरी लागण्याआधीच्या काळातल्या फार्गो ट्रकांची आठवण काढली. ते ट्रक कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनत. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून तिथे १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. वालचंद सोलापूरचे, म्हणजे बाबांच्या हिशेबात शेजारचेच. अमेरिकन गाडीबद्दल आपल्याला अमेरिकेने शिकवायची गरज नाही असं त्यांचं मत त्या दिवशी पक्कं झालं.

पाट्यांबद्दल त्यांचा आग्रह होता की काढून भट्टीत तापवून कमान मारून आणावेत. मी म्हटलं, इथे असलं कुणी करत नाही, नवे मागवू. पण डेट्रॉइटमध्ये ट्रकचे पाटे बनवणारी जुनी दुकानं अजून आहेत, आणि त्यातल्या एकात जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगांची मूळ रेखाचित्रंही जपून ठेवलेली निघाली. आम्ही तिथे पाच पाट्यांचा नवा संच बनवून घेतला, मूळच्यापेक्षा गाडी इंचभर खाली बसेल असा. बाबा तिथल्या मिस्त्रीशी कुठल्या भाषेत बोलले मला माहीत नाही. मी काउंटरवर पैसे देऊन आत गेलो तर दोघं मेन पाट्याच्या डोळ्यावर, म्हणजे टोकाच्या वेटोळ्यावर, बोट ठेवून गंभीर चर्चा करत होते.

बुश कुठले घालायचे यावर मी ठाम होतो. हल्ली पॉलियुरेथेनच्या कडक बुशांचं फॅड आहे. लाल, निळे, झगझगीत. पुढे अँटी-रोल बारला, म्हणजे गाडीला कलण्यापासून रोखणाऱ्या दांड्याला, ते ठीक. पण पाट्याचा पुढचा डोळा नुसता गोल फिरत नाही, गाडी कलली की तो पिळलाही जातो. तिथे कडक बुश घातला की पाट्याला मोकळेपणाने हलता येत नाही आणि तोही आवाज करायला लागतो. एक कर्रकर्र घालवून दुसरी आणायची हौस नव्हती. मागे रबरच घातलं.

पुढचं काम मात्र नुसतं पार्ट बदलून होणारं नव्हतं. गाडी वळणावर बाहेर कलली की बाहेरच्या चाकावर भार येतो, चाक आत बुरुजाकडे वर सरकतं. अशा वेळी त्या चाकाचं डोकं किंचित आत झुकायला हवं, म्हणजे टायर रस्त्यावर सपाट बसतो. मस्टँगमध्ये उलटं होतं. वरचा आर्म गाडीकडून चाकाकडे उतरता बसवलेला आहे. चाक वर आलं की आर्मचं बाहेरचं टोक आधी आणखी बाहेर जातं आणि चाकाचं डोकं बाहेर पडतं. टायर बाहेरच्या कडेवर घासतो, पकड जाते, आणि नाक वळणाच्या बाहेर पळतं. ज्या वेळी पकड सगळ्यांत जास्त हवी नेमकी त्याच वेळी ती कमी होते.

हे फोर्डला माहीत नव्हतं असं नाही. फोर्डमध्ये क्लाउस आर्निंग नावाचा सस्पेन्शनचा अभियंता होता. ज्या काळात बाकीचे आर्मांच्या रेषा ड्रॉइंग बोर्डावर आखत होते त्या काळात त्याने हे गणित संगणकावर करायला घेतलं होतं, आणि ४२७ कोब्रा या वेगवान गाडीच्या सस्पेन्शनमागे त्याचंच डोकं होतं. मस्टँगसाठी त्याने सुचवलेला उपाय ऐकून हसू येईल इतका साधा होता. वरचा आर्म ज्या दोन भोकांत बुरुजाला बसतो ती भोकं एक इंच खाली घ्या. बस. आर्मची आतली बाजू खाली आली की बाहेर उतरणारा उतार जातो, आणि चाक वर सरकताना आर्म त्याचं डोकं आत ओढायला लागतो. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरल शेल्बीने १९६५ साली मस्टँगवरून जीटी-३५० या गाड्या बनवल्या, साडेपाचशेच्या आसपास, त्या सगळ्यांना ही खालची भोकं होती. त्या गाडीने अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबची बी-प्रॉडक्शन गटाची अजिंक्यपदं सलग तीन वर्षं मारली. आणि मग १९६६ च्या सुरुवातीच्या गाड्या झाल्यावर शेल्बीकडेही ही भोकं बंद झाली. खर्च वाचवायला.

हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होतो आणि समोर स्वतःचीच एक फाइल उघडी होती. दोन्ही बाजूंना मिळून चार भोकं. कारखान्यात ती पहिल्यापासूनच खाली पाडली असती तर फोर्डला वेगळा काही खर्चही पडला नसता. पण शेल्बीकडे तयार बॉडी यायची, तिथे मजूर लावून नवी भोकं पाडावी लागायची, आणि कुठल्या तरी बैठकीत कुणीतरी विचारलं असणार की गिऱ्हाईकाला याचा फरक कळतो का. हा प्रश्न मी स्वतः किती बैठकांत विचारला आहे! बहुतेक वेळा उत्तर “नाही” असंच असतं आणि ते खरंही असतं. सगळ्यांना गाडी सुंदर दिसते.

बाबांना भोकांची कल्पना अजिबात पटली नाही. “बॉडीला भोकं पाडायची? कंपनीने केलंय ते उगाच केलंय का?” मी म्हटलं, कंपनीच्याच माणसाने सांगितलंय. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दुपारी पाहतो तर पिठाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर दोन आर्म आणि एक चाक खिळ्यांनी ठोकून ठेवलं होतं. चाक हाताने वर ढकलायचं आणि चाकाच्या डोक्याशी बांधलेल्या पेन्सिलीने भिंतीवर रेघ उमटते ती बघायची. पहिली रेघ बाहेर गेली. मग त्यांनी वरचा खिळा उपटला, मापाने खाली ठोकला आणि पुन्हा चाक ढकललं. रेघ आत वळली. त्यांनी चष्मा काढून पुसला, दोन्ही रेघा पुन्हा पाहिल्या आणि म्हणाले, “मग साठ वर्षं कुणी केलं का नाही?”

भोकांची मापं ठरलेली आहेत. जुन्या भोकापासून एक इंच खाली आणि आठवा भाग इंच मागे. बाबांनी ते लगेच आपल्या मापात आणलं: एक इंच खाली, एक सूत मागे. पत्र्याचा साचा जुन्या भोकांत बोल्टने आवळायचा, आधी बारीक बिटने, मग मोठ्याने भोक पाडायचं. भोकं पाडायला वेळ लागत नाही. वेळ लागतो त्याआधीच्या कामाला, म्हणजे स्प्रिंग काढायला. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारायची ताकद असते. बाबांच्या डेपोत एकाचं मनगट असंच गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे गाडी नुसत्या जॅकवर नाही तर घोड्यांवर, स्प्रिंग दाबणारा कॉम्प्रेसर लावलेला असताना वर साखळीही, आणि माझं डोकं कधीही स्प्रिंगच्या रेषेत नाही, असा त्यांचा कायदा होता. मी पंचेचाळिशीचा, मुलाबाळांचा, तरी दर पाच मिनिटांनी “डोकं मागे घे” ऐकत होतो.

एवढं उघडलंच आहे म्हणून बाकीचंही केलं. थोड्या कडक आणि इंचभर आखूड स्प्रिंगा घातल्या. स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसत असल्यामुळे तिचा जोर चाकापर्यंत पोचेपर्यंत निम्म्याहूनही बराच कमी होतो, म्हणून कागदावर भयंकर वाटणारा स्प्रिंगचा आकडा प्रत्यक्षात मवाळ निघतो. अँटी-रोल बार एक इंच जाडीचा. बारचं पिळाला विरोध करण्याचं बळ जाडीच्या चौथ्या घातात वाढतं. पाऊण इंचाच्या जागी इंचाचा बार घातला की ते तिपटीहून जास्त होतं, एवढ्यावरून कल्पना यावी. दोन बुरुजांना एकमेकांशी जोडणारा आडवा दांडा टाकला, त्याला ‘मॉन्टे कार्लो बार’ म्हणतात. आणि बुरुजांना मागच्या भिंतीशी बांधणारा एकसंध पत्र्याचा ब्रेस. त्याचं नाव ‘एक्स्पोर्ट ब्रेस’, कारण परदेशी खराब रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांना फोर्ड तो बसवून पाठवायचं. घरच्या गिऱ्हाईकाला दोन तुकड्यांची स्वस्त पट्टी, बाहेर पाठवायला मजबूत माल. आपल्याकडे आंब्याचं तेच होतं.

या वळणावर माझ्या ओळखीतले दोघं-तिघं मला थांबवायला आले, खरं तर पुढे ढकलायला. त्यांचं म्हणणं होतं की एवढं करण्यापेक्षा हे बुरूजच कापून टाक. बाजारात तयार किट मिळतं, ज्याची रचना १९७४ च्या मस्टँग-टू वरून घेतलेली आहे. बुरूज जातात, इंजिनच्या बाजूला ऐसपैस जागा होते, रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग येतं. गाडी आजच्या गाडीच्या जवळपास चालायला लागते. त्यांचं चूक नाही. पण आजच्या गाडीसारखी चालणारी गाडी माझ्याकडे आहे, ती रोज सकाळी मला ऑफिसला नेते आणि तिच्याबद्दल मला काहीही वाटत नाही. मस्टँगमध्ये मला हवं होतं ते तिच्याच काळातलं, तिच्याच लोकांना सुचलेलं आणि पैशापायी मागे राहिलेलं. बाबांना बुरूज कापायचा विषय मी सांगितलाच नाही.

व्हील अलाइनमेंटला गेलो तर दुकानातल्या तरुण पोराने संगणकात १९६६ मस्टँग टाकलं आणि पडद्यावर आलेले कारखान्याचे आकडे लावायला निघाला. ते आकडे नायलॉनच्या जुन्या टायरांसाठी होते. अमेरिकेत रेडियल टायर कंपनीतून बसवून येऊ लागला तो सत्तरच्या दशकात. स्टँडर्ड म्हणून रेडियल देणारी पहिली अमेरिकन गाडी १९७० ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क-थ्री. त्याआधीच्या टायरला चाक किंचित बाहेर झुकलेलं चालायचं, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचं स्टिअरिंग हलकं राहावं म्हणून कास्टरही, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, नावापुरता ठेवत. रेडियलला दोन्ही नको. मी कागदावर लिहून नेलं होतं: कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) उणे अर्धा अंश, कास्टर अधिक अडीच, टो-इन (चाकांची तोंडं किंचित आत) एक सूत. पोरगा गोंधळला. आतून एक पांढऱ्या मिशीचा माणूस आला, कागद पाहून हसला आणि पातळ पट्ट्यांचा डबा घेऊन बसला. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये कॅम्बर आणि कास्टर लावायला फिरवायचा बोल्ट नसतो. वरच्या आर्मच्या मागे लोखंडी पट्ट्या घालायच्या आणि काढायच्या. दोन्हीकडून एक काढली की चाकाचं डोकं आत, पुढच्या बोल्टला एक जास्त ठेवली की कास्टर वाढतो. त्या माणसाने घड्याळाकडे न बघता काम केलं. अशी माणसं आता निवृत्तीला आली आहेत आणि त्यांचा डबा कोण घेणार हे त्यांनाही ठाऊक नाही.

आणि मग चाकं.

चाकांवरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी भिंतींच्या रंगावरूनही झाली नव्हती. मूळची चाकं होती चौदा इंची, पाच इंच रुंद, लोखंडी, वर झाकण. मुलाला हवी होती अठरा इंची काळी. मला सतरा इंची चालली असती असं मी बोललो खरं, पण मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा म्हणजे पूर्ण हिशेब असतो. मूळच्या चौदा इंची चाकावर बसणाऱ्या १९५/७५-१४ या रेडियल टायरची भिंत १९५ च्या पाऊणपट, म्हणजे १४६ मिलिमीटर. २१५/४५-१७ ची भिंत फक्त ९७. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच. चाक मोठं झालं की जी जागा जाते ती टायरच्या भिंतीची, म्हणजे हवेची आणि रबराची. मिशिगनच्या मार्चमधल्या रस्त्यावर ते पाच सेंटिमीटर रबर काय कामाचं असतं हे रिम वाकवून घेतलेल्या माणसाला विचारावं. शिवाय मोठ्या चाकाचं वजन कडेला सरकतं आणि तेवढं ओझं स्प्रिंगच्या खाली, जिथे ते सगळ्यांत नकोसं असतं. अखेर पंधरा इंची, सात इंच रुंद, त्यावर २०५/६०-१५. भिंत १२३ मिलिमीटर. पूर्ण टायरचा व्यास ६२७, त्या १९५/७५-१४ पेक्षा तीन टक्क्यांनी कमी, त्यामुळे स्पीडोमीटर थोडा बढाया मारतो. त्याने कुणाचं नुकसान नाही.

रुंदी वाढवताना खरी अक्कल लागते ती बॅकस्पेसिंगमध्ये. चाक उताणं टाकायचं, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टीपासून चाक हबला टेकतं त्या जागेपर्यंतची खोली मोजायची. सात इंची चाकाला मस्टँगमध्ये ही साधारण सव्वाचार इंच हवी. कमी घेतली तर टायर फेंडरच्या कडेला घासतो, जास्त घेतली तर आत आर्मला. गंमत म्हणजे या व्ही-एट मस्टँगच्या चाकाचे पाच बोल्ट साडेचार इंचांच्या वर्तुळावर बसतात, म्हणजे ११४.३ मिलिमीटर, आणि आपल्याकडच्या इनोव्हाचेही तेच. म्हणून इनोव्हाची रिम इथे बसवावी असं कुणाच्या मनात आलं तर येऊ देऊ नका. आजच्या चाकांचा ऑफसेट, म्हणजे हबच्या मानाने चाक आत-बाहेर बसणं, इतका वेगळा असतो की बोल्ट बसले तरी चाक आत घासेल. सहा सिलिंडरच्या मस्टँगला मात्र चारच बोल्ट असतात. लोक लांबून चाकं पाहून इंजिन ओळखतात ते त्यावरून.

नमुना पाच आऱ्यांचा घेतला, अमेरिकन रेसिंग कंपनीच्या टॉर्क थ्रस्टच्या घाटाचा, राखाडी आरे आणि चकचकीत कड. साठच्या दशकात शर्यतीच्या पट्टीवरून हा घाट रस्त्यावर आला आणि अजून गेला नाही. मुलगा म्हणाला, म्हाताऱ्यांची चाकं आहेत. बाबा म्हणाले, चाकं गाडीच्या मापाची आहेत. बायकोने विचारलं, काळ्यांपेक्षा ही स्वस्त का? होती.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक खुर्च्या टाकून बसतात आणि मधून गाड्या मुंगीच्या पावलांनी जातात. याच वुडवर्डवर १९०९ साली देशातला पहिला मैलभर काँक्रीटचा रस्ता झाला होता, आणि साठच्या दशकात गाड्यांच्या कारखान्यांतलेच अभियंते रात्री इथे चोरून शर्यती लावायचे असं जुने लोक सांगतात. आम्ही रॉयल ओकजवळ बॉनेट उघडून उभे राहिलो. दिवसभर लोकांनी चाकांचं कौतुक केलं. कितीची, कुठली, घासत नाहीत का. सस्पेन्शनबद्दल एक शब्द नाही. दुपारी एक म्हातारा काठी टेकत आला. रूझच्या लाइनवर तीस वर्षं काढलेला, निवृत्त. त्याने चाकांकडे बघितलंही नाही. सरळ इंजिनवर वाकला आणि बुरुजाच्या आतल्या अंगाला आर्मचे नट जिथे दिसतात तिथे बोट नेलं. नटांच्या बरोबर एक इंच वर दोन रिकामी भोकं आहेत. मी ती बुजवलेली नाहीत. पुढच्या मालकाला मन झालं तर त्याने आर्म उचलावा आणि परत फोर्डने ठेवला होता तिथे लावावा.

“ही आम्ही पाडलेली,” तो वरच्या भोकांवर बोट ठेवून म्हणाला. मग खालच्या नटांवर ठेवून, “आणि ही पाडायला हवी होती.” बाबांना मी मराठीत सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्याला आमच्या घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि डब्यातली बाकरवडी पुढे केली.

चालवायला कशी झाली हे मी अजून सांगितलं नाही. पूर्वी वळणाआधी ब्रेक मारून, स्टिअरिंग लवकर फिरवून, गाडीचं मन वळेपर्यंत थांबावं लागे. आता स्टिअरिंग फिरवलं की ती वळते आणि वळण संपलं की कास्टरमुळे चाकं आपोआप सरळ येतात. कलते अजूनही, पण आधी कलून मग वळणं गेलं. स्टिअरिंगच्या जुन्या खोक्यातला मधला ढिलेपणा तसाच आहे, बोटभर स्टिअरिंग फिरतं आणि काही होत नाही. खड्ड्यात दणका पूर्वीपेक्षा थोडा जास्त बसतो. बायकोला फरक विचारला तर म्हणाली, “कर्रकर्र बंद झाली.” गिऱ्हाईकाला फरक कळतो का, या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे, आणि सोमवारच्या बैठकीत मी ते सांगितलं नाही.

पाच आऱ्यांच्या मोकळ्या चाकांमुळे एक नवीन भानगड मात्र झाली. पूर्वी झाकणामागे लपलेला दहा इंची ब्रेकचा ड्रम आता लख्ख दिसतो. आणि गाडी वळणावर भरवशाची झाली तसा मी वळणावर वेगात यायला लागलो, त्यामुळे ब्रेकचा विचार करणं भाग आहे. डोंगरउतारावर ड्रम तापले की पायाखालचं पेडल कसं मऊ पडतं हे सगळ्यांना माहीत आहे. १९६५ पासून या गाडीला पुढे डिस्क ब्रेक जादा पैसे भरून मिळत होते. चार पिस्टनचे, केल्सी-हेजचे. म्हणजे तेही तिच्याच काळातलं, तिच्याच लोकांचं. बसवायला हरकत नाही असं माझं मत. बाबा आता सांगलीत आहेत आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर ड्रम बघायला मागतात. मी फोन चाकाजवळ धरतो.

“ड्रमला काय झालंय?” ते म्हणतात. “आंबा घाट चढला-उतरला की नाही आमचा लाल डबा, पन्नास माणसं घेऊन? लाइनर बदल, ड्रम लेथवर मारून घे. आणि यू-बोल्ट परत आवळलेस का? नवे पाटे बसतात जरा, आवळायला लागतात.”

आवळले म्हटलं.

“दाखव,” म्हणाले. मी फोन घेऊन गाडीखाली गेलो.